सर अल्बर्ट हॉवर्ड : इंदूरच्या काळ्या मातीत कपाशीचं दुखणं शोधणारा शास्त्रज्ञ

शेतकी शाळेत शिकलेल्या कुठल्याही मुलाला कंपोस्ट खताच्या पद्धती विचारा. तो लगेच तीन नावं सांगेल : इंदूर पद्धत, बंगलोर पद्धत आणि नाडेप. त्यातल्या पहिल्या पद्धतीला आपल्या इंदूरचं नाव कसं लागलं, हे मात्र खुद्द इंदुरात राहणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. ही पद्धत निघाली ती कपाशीच्या संशोधनातून. पैसा कापूस समितीचा, जमीन होळकरांची, आणि डोकं एका इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाचं, त्याच्या बायकोचं आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या एका मराठी रसायनतज्ज्ञाचं. त्या इंग्रज माणसाचं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड. जगभर सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांत ते अगदी वरच्या रांगेत आहेत.

बैलहोंगल असो, आदिलाबाद असो, खरगोन असो की भरूच, कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्याला आज एकच प्रश्न छळतो आहे : बोंडअळीवर आणखी किती औषध मारायचं? हॉवर्ड यांचं सारं आयुष्य या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यात गेलं. त्यांचं उत्तर सगळ्यांना पटलं नाही, आणि ते पूर्ण बरोबर होतं असंही नाही. पण विचारण्याची दिशा आजही उपयोगाची आहे.

शेतकऱ्याच्या घरातला शास्त्रज्ञ

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजला त्यांनी शिक्षण घेतलं. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावर गेले. काम होतं बुरशीतज्ज्ञाचं. उसाला कुठली बुरशी लागते, ती कशी पसरते, हे शोधायचं.

इथेच त्यांना एक गोष्ट खटकायला लागली. आपण दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बुरशी बघतो, शेतकऱ्याला सल्ला देतो. पण तो सल्ला आधी स्वतःच्या शेतात करून बघायला आपल्याकडे शेतच नाही. ज्याने स्वतः पीक काढलं नाही त्याने पिकाचा रोग कसा सांगायचा, ही बोच त्यांच्या मनातून पुढे कधी गेली नाही.

इंग्लंडला परतल्यावर केंटमधल्या वाय इथल्या शेतकी महाविद्यालयात त्यांनी बिअरसाठी लागणाऱ्या हॉप या वेलीवर काम केलं. तिथले बागायतदार नर वेल काढून टाकत. हॉवर्ड यांनी नर वेल ठेवून परागीभवन होऊ दिलं, तर फुलोरा लवकर तयार झाला आणि मावा व भुरी यांना जास्त दाद देईनासा झाला. झाडाला त्याच्या स्वभावाप्रमाणे वाढू दिलं तर ते स्वतःच रोगाशी लढतं, हा विचार इथे पक्का झाला.

पुसाची १९ वर्षं

१९०५ मध्ये हॉवर्ड हिंदुस्थानात आले. बिहारमधल्या पुसा इथे नव्या शेतकी संशोधन संस्थेत त्यांना सरकारी वनस्पतीतज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं लग्न गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी झालं. गॅब्रिएलबाई स्वतः नावाजलेल्या संशोधक होत्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या फेलो. पानं प्रकाशात अन्न कसं तयार करतात आणि त्यावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर त्यांचं काम होतं. लग्नानंतर त्या नुसत्या साहेबाची मेमसाहेब म्हणून बंगल्यात बसल्या नाहीत. १९१० मध्ये नवऱ्याच्या साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९१३ मध्ये दुय्यम सरकारी वनस्पतीतज्ज्ञ हे पद त्यांना मिळालं. त्या काळात एका बाईला असं सरकारी पद मिळणं फार दुर्मीळ होतं. पुढची बहुतेक पुस्तकं आणि अहवाल दोघांच्या नावावर आहेत.

पुसाला दोघांनी गव्हाचे नवे वाण काढले. पुसा ४ आणि पुसा १२ ही नावं जुन्या गहू उत्पादकांच्या तोंडी होती. पण तिथेही हॉवर्ड यांना तीच अडचण आली. बुरशीवाला एका खोलीत, किडीवाला दुसऱ्या खोलीत, रसायनवाला तिसऱ्या खोलीत. झाड मात्र एकच! त्याच्याकडे अख्खं बघणारं कुणी नाही. त्यांनी भांडून ७५ एकर जमीन स्वतःच्या प्रयोगांसाठी मिळवली आणि आजूबाजूच्या बिहारी शेतकऱ्यांची शेतं बघायला सुरुवात केली.

त्यांना दिसलं असं : हे शेतकरी औषध मारत नाहीत, रासायनिक खत घालत नाहीत, तरी त्यांची पिकं बऱ्यापैकी निरोगी. मग ते काय करतात? मिश्र पीक घेतात, द्विदल धान्य घालतात, जमिनीला शेणखत देतात, आपल्या मातीला मानवेल असंच बी वापरतात. हॉवर्ड यांनी ठरवलं, की या शेतकऱ्यांना आणि शेतातल्या किडींना आपले गुरू मानायचं. कीड जिथे येते तिथे काहीतरी चुकलेलं असतं. ते काय चुकलं हे शोधायचं. नुसती कीड मारून विषय संपवायचा नाही.

त्यांच्या बैलांची गोष्ट प्रसिद्ध आहे. शेजारच्या जनावरांना लाळ्या-खुरकत झाली होती, आणि कुंपणापलीकडून ती जनावरं हॉवर्ड यांच्या बैलांच्या नाकाला नाक लावत. तरी यांच्या बैलांना काही झालं नाही. सकस मातीत उगवलेला चारा खाल्ल्यामुळे असं झालं, असा हॉवर्ड यांचा निष्कर्ष होता. कुठलाही पशुवैद्य आज या भरवशावर लस न टोचण्याचा सल्ला देणार नाही. पण हॉवर्ड यांच्या डोक्यातली साखळी यातून कळते : माती, मग झाड, मग जनावर, मग माणूस.

कापूस समितीचा पैसा, होळकरांची जमीन

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने कापसाच्या प्रश्नावर एक समिती बसवली होती. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली. १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला आणि त्यातून संशोधनाला पैसा मिळू लागला. गिरण्यांना लांब धाग्याचा, स्वच्छ, एकसारखा कापूस हवा होता. देशी कापूस आखूड धाग्याचा. त्यामुळे बहुतेकांचा भर नवे वाण काढण्यावर होता.

हॉवर्ड यांनी मांडलं, की नुसतं बियाणं बदलून भागणार नाही. जमीन, पाणी, खत, मजूर, बैल, सगळं एकत्र बघणारी संस्था पाहिजे. पुसाला हे जमेना. इंदूर दरबार पुढे आला. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या कारकिर्दीत दरबाराने ३०० एकर जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. कापूस समितीने अनुदान दिलं, मध्य भारतातल्या इतर संस्थानांनीही वर्गणी घातली. १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले आणि मध्य भारत व राजपुतान्यातल्या संस्थानांचे शेती सल्लागारही.

जागा अगदी मोक्याची होती. चहूकडे माळव्याची काळी माती, आणि शहरात माळवा मिल, हुकुमचंद मिल अशा गिरण्यांचे भोंगे. पण गिरण्यांमुळे एक पेच आला : शेतावर मजूर मिळेना. हॉवर्ड यांनी यावर केलेला उपाय आजच्या मालकांनीही वाचावा असा आहे. पगार ठरल्या दिवशी हातात, काम दिवसाला ६ तास, राहायला नीट जागा, आजारपणात औषध. मजूर टिकले. कमी तासांत कामही चांगलं होऊ लागलं, कारण काम कसं करायचं याची आखणी नीट केलेली असे.

कपाशीचं खरं दुखणं

काळी माती म्हणजे सोनं, असं आपण म्हणतो. हॉवर्ड दांपत्याला तिची दुसरी बाजूही दिसली. पावसाळ्यात ही माती फुगते, तिच्यातली भोकं बुजतात आणि कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही. सखल जागी पाणी साचलं की झाड पिवळं पडतं, खुंटतं. पाऊस संपला की तीच माती आवळते, भेगा पडतात, ओल उडून जाते. म्हणजे कपाशीला आधी गुदमरायचं आणि मग तहानेने तडफडायचं. असं अर्धमेलं झालेलं झाड किडीच्या आणि रोगाच्या तावडीत सापडलं, तर त्यात नवल काय?

म्हणून संस्थेत पहिलं काम झालं ते पाण्याच्या निचऱ्याचं. उतार बघून चर काढले, वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात घुसणार नाही अशी वाट केली, माती वाहू नये म्हणून कडेला गवत राखलं. तण वेळेवर काढलं. दुसरं काम सेंद्रिय खताचं. खतामुळे काळी माती भुसभुशीत राहते, पावसात हवा खेळते आणि पुढे ओलही धरून ठेवते. पुढच्या काही वर्षांत संस्थेच्या सुधारलेल्या जमिनीत आजूबाजूच्या शेतांच्या मानाने दुपटीहून जास्त कापूस निघू लागला.

पऱ्हाटीचं काय करायचं?

पण एवढं खत आणायचं कुठून? निम्मं शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जातं. हॉवर्ड यांचं लक्ष शेतातल्या काडीकचऱ्याकडे गेलं. चीनमधले शेतकरी टाकाऊ माल कुजवून शतकानुशतकं जमीन कशी राखतात, हे त्यांनी वाचलं होतं. इथे मात्र कचऱ्यातला सगळ्यात चिवट माल होता कपाशीची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या. लाकडासारख्या कडक, खड्ड्यात टाकल्या तर वर्ष गेलं तरी तशाच.

यावर निघालेली युक्ती अगदी गावरान होती. पऱ्हाट्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात. मग तो चुरा इतर पालापाचोळ्याबरोबर गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. शेणामुताने भिजला की खड्ड्यात. वर गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख आणि शेणकाला शिंपडायचा. शेण लागायचं ते विरजणापुरतंच. खड्डे साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, म्हणजे आतपर्यंत हवा पोचावी. पाणी जपून द्यायचं. पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग. साधारण पंधरवड्याने पहिली पलटणी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. तीन महिन्यांत काळंभोर, मऊ, वास नसलेलं खत तयार.

यात नवं काय होतं? कुजवणं आपल्याकडे होतंच; प्रत्येक गावात उकिरडा असतो. पण उकिरड्यात वाऱ्या-पावसात निम्मं सत्त्व उडून, वाहून जातं. इंदूर पद्धतीने हवा, ओल, कचरा आणि शेण यांचं प्रमाण मोजून बसवलं आणि वेळापत्रक ठरवून दिलं. हे मोजण्याचं, तपासण्याचं काम ज्यांनी केलं ते संस्थेतले रसायनतज्ज्ञ यशवंत वाड. १९३१ मध्ये या पद्धतीवरचं पुस्तक इंग्रजीत निघालं, तेव्हा त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावं छापली गेली. साहेबाने हाताखालच्या देशी माणसाचं नाव बरोबरीने छापावं, हे त्या काळी रोजचं नव्हतं. हॉवर्ड गेल्यानंतरही वाड यांनी काम चालू ठेवलं. गावातला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने कसा कुजवावा यावर त्यांनी पुढचे संचालक जॅक्सन यांच्याबरोबर लिहिलं. आज जगभर हॉवर्ड यांचं नाव घेतात, वाड यांचं क्वचितच कुणी. आपण तरी घ्यायला हवं.

हरभऱ्याचा नकाशा

रोग-किडीबद्दलचा हॉवर्ड यांचा सगळ्यात बोलका दाखला कपाशीचा नाही, हरभऱ्याचा आहे. एका जुलैत पाण्याचा एक चर तुंबला आणि एका लहान शेताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काही दिवस पाण्याखाली गेला. त्यांनी तेव्हाच त्या भागाचा नकाशा काढून ठेवला. ऑक्टोबरमध्ये तिथे हरभरा पेरला. महिन्याभरात अळी पडली, पण कुठे? नकाशावर जिथे पाणी दाखवलं होतं, बरोबर तेवढ्याच भागात. बाकीचा हरभरा सुखरूप. मधे कुंपण नव्हतं, अळीला कुणी अडवलं नव्हतं.

इंदूरच्या सात वर्षांत आपल्या शेतावर नजरेत भरण्यासारखा कीड-रोग एवढाच झाला, असं हॉवर्ड यांनी नमूद केलं आहे. यावरून त्यांनी मोठा निष्कर्ष काढला : कीड आणि बुरशी ही दुखण्याची मूळ कारणं नाहीत, ती दुखण्याची खूण आहे. मातीचं दुखणं बरं करा, कीड आपोआप हटेल.

कापूसवाले रागावले

हे मत कापूस संशोधकांना मानवलं नाही. कुणी वाण काढत होतं, कुणी किडीचं जीवनचक्र तपासत होतं, कुणी मर रोगाची बुरशी. तुमच्या वेगवेगळ्या खोल्याच चुकीच्या आहेत, असं एक माणूस सांगू लागल्यावर ते रागावणारच. ज्या पिकाच्या पैशावर हे काम उभं राहिलं, त्याच पिकाच्या तज्ज्ञांनी ते नाकारलं, याची हॉवर्ड यांना कायम खंत होती. उलट पूर्व आफ्रिकेतले कॉफी मळेवाले आणि आसाम, सिलोनचे चहा मळेवाले यांनी इंदूर पद्धत उचलून धरली.

दरम्यान घरात मोठा आघात झाला. १८ ऑगस्ट १९३० रोजी जिनिव्हात गॅब्रिएलबाईंचं निधन झालं. पंचवीस वर्षांचा संसार आणि पंचवीस वर्षांचं संशोधन एकदमच थांबलं. १९३१ मध्ये हॉवर्ड यांनी इंदूर सोडलं. त्याच वर्षी गॅब्रिएल यांच्या धाकट्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९४० मध्ये त्यांचं ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हे पुस्तक निघालं आणि ते त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केलं. इंग्लंडमधल्या लेडी इव्ह बाल्फोर आणि अमेरिकेतले जे. आय. रोडेल यांनी या विचारातून प्रेरणा घेतली, आणि तिथून सेंद्रिय शेतीची चळवळ जगभर गेली. २० ऑक्टोबर १९४७ रोजी, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर दोनच महिन्यांनी, हॉवर्ड वारले.

त्याआधी, १९३५ च्या एप्रिलमध्ये, हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले महात्मा गांधी ही संस्था आणि तिथलं खत बघून गेले होते. स्वातंत्र्यानंतर त्याच आवारात कृषी महाविद्यालय उभं राहिलं. चहूकडून शहर वाढलं, तरी ती काळी जमीन अजून तिथे आहे.

आजच्या कपाशीला याचा काय उपयोग?

सरळ सांगायचं, तर हॉवर्ड यांचं म्हणणं जसंच्या तसं घेऊन आजची बोंडअळी हटणार नाही. एका शेताचा नकाशा हा पुरावा म्हणून मोलाचा, पण तो अळीच्या सगळ्या जातींना लागू होत नाही. त्यांच्या काळी माळव्यात देशी माळवी कपाशी होती; ती तुडतुड्यांसारख्या किडींना मुळातच दाद देत नाही. तिचं निरोगीपण सगळं खताच्या खात्यावर जमा करता येत नाही. गुलाबी बोंडअळी तर भारतातली जुनीच. १८४३ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते भरूचहून पाठवलेल्या नमुन्यांवरून. २००२ मध्ये बीटी कपाशी आली, काही वर्षं अळी दबली, मग तिने बीटीलाही पचवलं. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. निरोगी झाडाच्या बोंडातही ही अळी शिरते.

तरीही हॉवर्ड यांच्या वहीतल्या तीन गोष्टी आजही खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त देणाऱ्या आहेत. पहिली, पाण्याचा निचरा. दुसरी, मातीत सेंद्रिय खत. तिसरी म्हणजे पऱ्हाटी. आज शास्त्रज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात, की फरदड घेऊ नका, कपाशी वेळेत संपवा आणि पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका; तिच्या वाळक्या बोंडांत अळी पुढच्या हंगामापर्यंत दबा धरून बसते. बरेच जण ती जाळतात. जाळली की अळी मरते, पण जमिनीचा घासही जळतो. बारीक करून नीट कुजवली, तर ढिगाच्या उष्णतेत अळीला तग धरणं कठीण जातं आणि खतही मिळतं. आता बैलगाडीच्या चाकाची गरज नाही, ट्रॅक्टरवर चालणारी श्रेडर यंत्रं आहेत. विदर्भातल्याच नारायण देवताव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत कमी शेणात जास्त खत देते. तिच्यामागचा विचारही हाच आहे.

हॉवर्ड यांनी मातीच्या कसाला भांडवल मानलं होतं. दर हंगामाला त्यातून काढत राहायचं आणि परत काहीच भरायचं नाही, तर नफा दिसतो तो खोटा. मी कॉमर्सचा पदवीधर, शेतीतलं फारसं शिकलेलो नाही. पण हा हिशोब मला लगेच कळतो. कपाशीच्या फवारणीचा खर्च आपण दरवर्षी खर्चाच्या बाजूला लिहितो. मातीतून गेलेलं भांडवल मात्र कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. पऱ्हाटी पेटवण्याआधी या हंगामात प्रत्येकाने एवढा एक आकडा मनात तरी मांडून बघावा.